आईचा रविवार, बाबांचा रविवार

हिंगोली स्टेशनामागच्या त्या हॉलमध्ये आता सोयाबीनची पोती असतात. दार अर्धं उघडं होतं म्हणून मी आत डोकावले. हमाल जेवायला गेले असावेत. पोत्यांचा कोरडा, धुळकट वास, वर पत्र्याखाली चिमण्यांची कलकल. समोरच्या भिंतीवर चुन्याचा रंग एका जागी जरा उजळ दिसतो. तिथं लाकडी क्रूस होता. खाली वेदी, वेदीवर कापड, कापडावर दोन मेणबत्त्या. पलीकडं रुळांची मोठी लाइन झाली आहे. छोटी लाइन होती तेव्हा गाडी येताना दुरूनच कळायचं, आणि मग आई पदर नीट करून बसायची.

मी अकोल्याला नर्स आहे. तिथं माझ्यासोबत बाप्टिस्ट घरातली एक पोरगी काम करते. तिचं लग्न ल्युथरन घरात ठरत आलं आहे. दोन्ही घरं ख्रिस्तीच, पण मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी. परवा डबा खाताना तिनं विचारलं, की ताई, तुम्हाला दोन्हीकडचं माहीत आहे म्हणे, मंडळी बदलली तर नेमकं काय बदलतं? मी पाठ केल्यासारखं सांगितलं. ल्युथरन तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देतात, बाप्टिस्ट माणूस स्वतः मागेल तेव्हा. ते डोक्यावर पाणी घालतात, हे पाण्यात बुडवतात. त्यांची उपासना पुस्तकातली, यांची मनातून येईल तशी. प्रभुभोजनाची भाकर यांच्या लेखी प्रभूची आठवण, त्यांच्या लेखी तिथं प्रभू स्वतःच. ती मान हलवत राहिली. सगळं बरोबर सांगितलं होतं मी. पण डब्याचं झाकण लावताना वाटलं, हिला काहीच सांगितलं नाही आपण.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं. जीप सोडून थोडं चालावं लागायचं. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, एकाच भावकीतली, सगळी बाप्टिस्ट. बाबा शाळेत गुरुजी होते आणि मंडळीचे सेवक, म्हणजे प्रार्थनाघर उघडणं, सतरंज्या घालणं, भाकरीचं ताट फिरवणं ही कामं त्यांची. कायमचा पाळक, म्हणजे पाद्री, आम्हाला नव्हताच. बाबांचे चुलतभाऊ दानीएलकाका वचन सांगायचे. प्रार्थनाघराला मातीच्या भिंती, वर पत्रे, खाली सारवलेली भुई. शेजारच्याच्या तुराट्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असायच्या, त्यांचा वास आत यायचा. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. पुढं एक टेबल, त्यावर पवित्र शास्त्र. बाकी काही नाही. क्रूसही नव्हता. दानीएलकाका म्हणायचे, डोळ्याला काही दिलं की मन तिथंच बसतं.

बाबांची प्रार्थना मला फार आवडायची. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून शेजारच्या शेतकऱ्याशी बोलावं तसे ते देवाशी बोलायचे. "देवा, पऱ्हाटीवर अळी पडली हाय, तुला दिसूनच राहिलं असंल. दानीएलच्या गुडघ्याला आराम पडू दे. शाळेतल्या लेकरायला पुस्तकं अजून आली न्हाईत." कधी मध्येच थांबायचे. त्या थांबण्यात बाहेरच्या बैलांच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. मग परत सुरू.

आई मध्य प्रदेशातल्या बैतूलकडची. तिचे वडील तिथल्या ल्युथरन मंडळीत घंटा वाजवायचे. नर्सिंग शिकून ती आमच्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात आली, लग्न झालं, इथलीच झाली. गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. आजूबाजूच्या तांड्यांवरची कितीतरी लेकरं तिच्या हातावर जन्मली. होळीला तांड्यावरच्या बायका नाचत आमच्या अंगणात यायच्या, तिला मध्ये ओढायच्या. तेवढ्या एका दिवशी मी तिला मोकळं हसताना बघायचे.

लग्नानंतर मंडळीनं तिला सांगितलं होतं, की लहानपणी डोक्यावर घातलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, नदीत उतरून तो घ्यावा लागेल. ती नाही म्हणाली. तिचं म्हणणं बाबांनीच मला पुढं सांगितलं. बापाच्या मांडीवर मला नाव मिळालं, देवानं मला तेव्हाच आपलं म्हटलं, आता परत उतरले तर देव तेव्हा खोटं बोलला असं होईल. तिनं भांडण केलं नाही. फक्त उतरली नाही. म्हणून तिला आमच्या मंडळीत बसता यायचं, गाता यायचं, भाकर घेता यायची नाही.

आणि ती भाकर करायची तीच. बाबा सेवक, म्हणून प्रभुभोजनाची तयारी आमच्या घरी. द्राक्षारसाच्या जागी मनुकांचा रस असायचा, म्हणून शनिवारी ती मनुका धुऊन पाण्यात घालायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कुस्करून, उकळून, फडक्यातून गाळायची. घरभर गोड, जडसर वास सुटायचा. मग बिनमिठाची पोळी भाजायची आणि थंड झाली की तिचे बारीक तुकडे करायची. काचेचे इवले पेले उन्हात पालथे घातलेले असायचे. मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. प्रार्थनाघरात ते ताट बायकांच्या रांगेतून फिरत यायचं, आईपर्यंत यायचं, ती दोन्ही हातांनी ते धरायची आणि शेजारणीला द्यायची. पेल्यांचंही तसंच. तेवढा वेळ ती भुईकडं बघत असायची.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र ती हिंगोलीला जायची. स्टेशनामागच्या हॉलमध्ये रेल्वेतली काही ल्युथरन कुटुंबं जमायची, बहुतेक मध्य प्रदेशातली. त्यांचे पाळकसाहेब छोट्या लाइनीच्या गाडीनं यायचे, प्लॅटफॉर्मवरच्या नळाला तोंड धुऊन थेट हॉलमध्ये. मला आई सोबत न्यायची. बाकीचे रविवार बाबांचे, हा एक आईचा. जीपमध्ये मी तिच्या मांडीवर, तिच्या साडीला कापराचा आणि दवाखान्यातल्या फिनेलचा मिळून वास.

तिथं सगळं वेगळं. बाकं होती, नवरा-बायको शेजारी बसायचे. उपवासकाळात वेदीवर जांभळं कापड, ईस्टरला पांढरं. पाळकसाहेब म्हणायचे, "प्रभू तुम्हांबरोबर असो," आणि सगळा हॉल एका आवाजात उत्तर द्यायचा. पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, मतांगीकार म्हणजे विश्वासाची, सगळं ठरलेलं, तेच शब्द दर महिन्याला. मला आधी ते शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटलं. मग एकदा आईकडं बघितलं. ती पुस्तक न उघडता म्हणत होती, डोळे मिटून, आणि तिचा आवाज घरातल्यापेक्षा मोठा होता. घरी तिला शब्द शोधावे लागायचे, तिची मराठी शेवटपर्यंत हिंदीच्या अंगानं जायची. इथं शब्द तिची वाट बघत असायचे.

मग लोक पुढं जाऊन लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकायचे. पातळ, पांढरी चकती जिभेवर, आणि सगळ्यांना एकच चांदीचा पेला. खऱ्या द्राक्षारसाचा आंबूस वास मागच्या बाकापर्यंत यायचा. मी तिच्या शेजारी नुसती वाकून बसायचे. माझा बाप्तिस्मा कुठलाच झालेला नव्हता. पाळकसाहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढं सरकायचे. परत येताना आई स्टेशनाबाहेर मला पेरू घेऊन द्यायची आणि जीपमध्ये गुणगुणत असायची. गोरेगाव आलं की गुणगुणणं थांबायचं.

माझ्या पाठीवर शमुवेल झाला. आम्ही त्याला शमू म्हणायचो. त्याच्या टाळूला दुधाचा आणि वेखंडाचा वास यायचा. तो अशक्तच होता, अंगावर पितानाही दमायचा. आईनं बाबांना एकदा विचारलं, की पुढच्या खेपेला पाळकसाहेबांकडून याला बाप्तिस्म्याचं पाणी घालून घेऊ या का. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "लेकरू देवाचंच हाय. त्याला काहून पाणी पाहिजे? मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं मागंल. दुसऱ्याच्या तोंडानं कुणाला जेवता येतं का?" आईनं शमूला पदराखाली घेतलं.

त्या उन्हाळ्यात शमूला ताप आला आणि उतरेना. हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं होतं. एका सकाळी आईनं त्याचा श्वास बघितला, नर्स होती ती, तिला कळलं. तिनं मला माठातलं पाणी आणायला सांगितलं. फुलपात्र भरून मी दिलं. तिनं शमूला मांडीवर घेतलं, पाण्यात बोटं बुडवून तीनदा त्याच्या कपाळावर पाणी घातलं, आणि त्याचं पूर्ण नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, असं म्हणाली. पाळक नसेल आणि वेळ नसेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, असं तिच्या मंडळीत शिकवलेलं होतं. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मी वर बघितलं तर बाबा दारात उभे होते. चौकटीला हात धरून. ते आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत.

दुपारी शमू गेला. मातीच्या वेळी दानीएलकाका फार मायेनं बोलले, की सगळी लेकरं प्रभूचीच. आईनं मान हलवली. सकाळच्या त्या पाण्याचा विषय घरात कुणी कधी काढला नाही. फुलपात्र कितीतरी दिवस खिडकीत तसंच होतं, तळाशी पाण्याचा पांढरा डाग पडलेलं.

मी दहावी झाले त्या वर्षी दिवाळीनंतर कयाधू नदीच्या डोहात माझा बाप्तिस्मा झाला. मला कुणी ढकललं नाही. मला खरंच तो हवा होता. मंडळीसमोर उभी राहून मी माझ्या विश्वासाची साक्ष दिली. पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं गार. दानीएलकाकांनी नाकावर रुमाल धरून मला मागं झुकवलं. पाण्याखाली एक क्षण सगळं हिरवं आणि बहिरं झालं. वर आले तेव्हा काठावर ढोलकी वाजत होती, ऊन डोळ्यात गेलं, आणि चिखलाचा, शेवाळाचा, लव्हाळ्याचा वास इतका नवा वाटला की जणू कुणी तो आत्ताच केलाय. बाबा रडत होते. आई कोरडा टॉवेल घेऊन काठावर उभी होती. तिनं मला गुंडाळलं, केस पुसले, अगदी मुळापासून पुसले. "थंड लागून राहिलं असंल," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी बायकांच्या रांगेत आईच्या शेजारी बसले होते. ताट फिरत आलं. आईनं ते घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी तुकडा उचलला. तिनंच भाजलेली पोळी होती ती. मी तो तोंडात ठेवला. मी तिच्याकडं बघितलं, तर ती भुईकडं बघत होती, नेहमीसारखी.

मग मी नर्सिंगला बाहेर पडले, अकोल्याला नोकरी लागली. रविवारी सुट्टी मिळेल तशी मी छोट्या गाडीनं हिंगोलीला यायचे. त्या दिवसांत माझ्या मनात मंडळी बदलायचं फार घोळत होतं. हॉलमधली माणसं कमी होत चालली होती. बदल्या होत होत्या, लाइन मोठी होणार असं बोललं जात होतं. कधी कधी बाकावर आई एकटीच असायची. पाळकसाहेबांनी म्हणावं, "प्रभू तुम्हांबरोबर असो," आणि आईनं एकटीनं उत्तर द्यावं.

मी पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं, मला तुमच्यात यायचं झालं तर काय करावं लागेल? ते चहा बशीत ओतत होते. म्हणाले, बाप्तिस्मा झालाय ना? मग तो आम्हाला मान्य आहे. नदीत झाला काय, तळहाताएवढ्या पाण्यात झाला काय, पाणी एकदाच. थोडं शिकावं लागेल, मंडळीपुढं एकदा विश्वास कबूल करावा लागेल, बस. मला वाटलं होतं, ऐकून आनंद होईल. पण झाला नाही. इकडून तिकडं जायला मला काहीच द्यावं लागणार नव्हतं. आणि तिकडून इकडं यायला आईकडं तिचा सगळा जन्म मागितला होता.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर मी आईला सांगितलं, मी तुझ्याकडं येते.

"माझ्यासाठी येऊ नको," ती म्हणाली. "मी एकटी हाय म्हणून आलीस, तर ती सोबत झाली. विश्वास न्हाई झाला."

"मग कशासाठी येऊ?"

"ते मला नको विचारू, बेटा. भूक ज्याची त्यालाच कळते."

मी गेले नाही तेव्हा. पुढं लाइनचं काम निघालं, छोटी गाडी बंद झाली. उरलेली कुटुंबं गेली, पाळकसाहेब यायचे थांबले. हॉलला कुलूप लागलं. शेवटच्या उपासनेनंतर आईनं वेदीवरचं कापड घडी घालून पाळकसाहेबांच्या पिशवीत ठेवलं आणि बाहेर येऊन चपला शोधत राहिली. त्या तिच्या पायातच होत्या.

त्यानंतर तिला कुठंच भाकर नव्हती. शनिवारी मनुका मात्र भिजायच्या.

बाप्टिस्ट मंडळीत सगळं सगळ्यांच्या हातानं ठरतं, वरून हुकूम येत नाही. याचा बाबांना मोठा अभिमान होता. त्या वर्षीच्या नाताळाला मी घरी होते. उपासना संपल्यावर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, माझं एक मागणं हाय. सिस्टरला नदीत न उतरता भाकर मिळावी. दानीएलकाका हळू म्हणाले, की गुरुजी, नियम माझा न्हाई, वचनाचा हाय. तुमीच आमाला शिकवला.

"व्हय, मीच शिकवला," बाबा म्हणाले. "पर माझं लेकरू जात होतं तवा तिनं त्याच्या कपाळावर पाणी घातलं. मी दारात हुभा होतो. मी आडवं न्हाई गेलो. काहून न्हाई गेलो? मला बी ते पाहिजे होतं म्हणून. हे मी आजवर कुणाला बोललो न्हाई. तिला बी न्हाई."

आई डाव्या बाजूला भिंतीशी बसली होती. तिनं मान वर केली.

हात वर करायला सांगितलं. थोडे झाले. माझा झाला, बाबांचा झाला, दोन-तीन म्हाताऱ्यांचे झाले. दानीएलकाकांचा झाला नाही, पण त्यांनी डोळे पुसले. मागणं पडलं. बाबा "बराबर हाय" म्हणाले. ठरलेलं मानायचं, हाच त्यांचा नेम होता.

पुढच्या प्रभुभोजनाला बाबांनी ताट टेबलावर ठेवलं, फडकं काढलं, आणि फिरवायला दुसऱ्याकडं दिलं. मग मधली मोकळी जागा ओलांडून ते बायकांच्या बाजूला आले आणि आईच्या शेजारी सतरंजीवर बसले. बायका गडबडीनं सरकल्या. आई पदर ओढून पुटपुटली, हे काय करून राहिले तुम्ही, बायकांत? बाबा म्हणाले, "बसू दे." ताट आलं. आईनं ते बाबांच्या हातात दिलं, बाबांनी पुढं दिलं. दोघांनी घेतलं नाही. त्या दिवसापासून आई गेली तोवर असंच चाललं. संध्याकाळी अंगणात शेजारी शेजारी बसलेले दिसायचे, तुरीच्या शेंगा सोलत, आणि आई अधूनमधून काहीतरी गुणगुणायची. गावात. आमच्या अंगणात.

ती गेली ती थंडीत, फार त्रास न होता. दानीएलकाकांनीच तिला माती दिली. मग ते बाबांना म्हणाले, की भाऊ, आता तरी टेबलापाशी ये. बाबा गेले नाहीत. तिची जागा रिकामी होती, तिच्या शेजारी, बायकांच्या बाजूला, ते तसेच बसत राहिले. मी एकदा येऊन बघितलं. पांढरं धोतर, पांढरे केस, मांडीवर उपडे हात.

एके दिवशी फोनवर म्हणाले, "तिच्या मंडळीत एकदा जाऊन येऊ."

आम्ही अकोल्याहून परतवाड्यावरून घाटानं बैतूलकडं गेलो. आईच्या वडिलांनी जिथं घंटा वाजवली ते चर्च दगडी, उंच, थंडगार होतं. कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. बाबांना पुस्तकात कुठं काय चाललंय ते सापडेना, मी बोट ठेवत गेले. उत्तरं द्यायची वेळ आली की ते नुसते ओठ हलवत होते. मग तिथल्या पाळकांनी हिंदीत सांगितलं, की ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, जे पश्चात्तापानं येतात, त्यांनी यावं.

बाबा उठले. मला वाटलं बाहेर जातात. ते मधल्या वाटेनं पुढं गेले, कठड्यापाशी पोचले, आणि गुडघे टेकायला त्यांना फार वेळ लागला. शेजारच्या माणसानं दंडाला आधार दिला. आयुष्यात बाबांनी टेबलापुढं कधी गुडघे टेकले नव्हते. हात कसे धरायचे तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पाळक आले, वाकले, आणि काही न विचारता त्यांच्या जिभेवर चकती ठेवून पुढं सरकले. मी मागून बघत राहिले. माझ्यानं उठवलंच नाही.

परतीच्या प्रवासात ते खिडकीशी बसले होते. घाट संपला, अकोला मागं पडलं. त्यांना गावी पोचवायला मी सोबत होते, म्हणून आम्ही बस बदलून तसेच पुढं निघालो. वाशीम गेलं. बाहेर काढणी झालेली शेतं, कुठं कुठं कपाशीची पांढरी बोंडं. मग त्यांनी रस्त्याकडं बघतच विचारलं,

"तिथं वर, कठड्यापाशी, अजून जागा होती का गं?"

"होती," मी म्हणाले.

"मग तू काहून आली न्हाईस?"

ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पुढं आईच्या मंडळीत गेले, पण बाबाही गेल्यानंतर, एकटी, स्वतःच्या भुकेनं. त्या दिवशी मी नुसती त्यांची पिशवी मांडीवर ओढली. कनेरगाव नाक्याला बस थांबली. बाबा आधी उतरले, आणि गोरेगावची जीप कुठं लागली आहे ते बघायला हळूहळू पुढं चालू लागले.